तहान कितव्या नंबरवर?

६ फेब्रुवारी

आढावा समितीने प्रत्येक सभासदाला एक फाइल दिली आहे. मनात येईल ते त्यात टिपून ठेवा म्हणतात. त्या फाइलमध्ये मी चांगलं चांगलं लिहीन. बाकीचं इथे.

तर, मी समितीवर आहे. डॉक्टर मंडळींशी माझा आजवरचा संबंध एवढाच, की त्यांच्यातले बरेच जण माझ्याकडे गाडी शिकले आणि त्यातल्या निम्म्यांना अजून गाडी मागे घेता येत नाही. जन्मभर मी डबल ब्रेकच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसले. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा गाडी विकली आणि शिकवणं बंद केलं. आता ह्यांच्या शेजारी बसते.

झटक्यानंतर ह्यांची जीभ जड झाली आणि गिळणं बिघडलं. पातळ काही प्यायलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतं. मग न्यूमोनिया. पहिल्याच महिन्यात झाला होता, आणि ते दिवस मला आठवायचे नाहीत. तेव्हापासून चहा, सूप, साधं पाणीसुद्धा पावडर घालून दाट करून द्यायचं. खळीसारखं होतं. ह्या पावडरीने न्यूमोनिया खरंच टळतो का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. म्हणून जगभर झालेले अभ्यास गोळा करून, पारखून, एकत्र निष्कर्ष काढायचा आहे. त्याला पुराव्यांचा आढावा म्हणतात. त्यात घरचं माणूसही हवं, असा आता नियम आला आहे.

गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी माझं नाव सुचवलं. (त्यांना मी इथे गिळणबाई म्हणणार. तोंडावर नाही.) म्हणाल्या, "तुम्ही ओपीडीत ज्या आवाजात भांडता ना, त्या आवाजाची तिथे गरज आहे."

ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "मी… पण…"

म्हटलं, "तुम्ही कुठे येताय, तिथे जिना आहे. तुमच्या वतीने मी सांगते ना सगळं."

११ फेब्रुवारी

पहिली बैठक. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, आणि माझ्यापुढे पाटी: 'रुग्णांचा आवाज'. आवाजाचं म्हणाल तर कमी पडणार नाही.

समितीच्या प्रमुखबाई चांगल्या आहेत. बोलताना समोरच्याकडे बघतात. त्यांच्या शेजारी एक किडकिडीत तरुण, कानावर पेन्सिल. सगळी आकडेमोड त्याच्याकडे. एक मोठे डॉक्टरही आहेत. ते माझ्याकडे शिकले नाहीत हे त्यांचं नशीब.

कामाची रीत अशी, की अभ्यास उघडण्याआधीच ठरवायचं, कुठल्या गोष्टी महत्त्वाच्या मानायच्या. ज्या महत्त्वाच्या ठरतील त्या अहवालाच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात. बाकीच्या मागे, जिथे कोणी फिरकत नाही. नाहीतर आधी निकाल बघून मग सोयीचं ते महत्त्वाचं म्हणता येतं. हे मला पटलं. त्यांची यादी तयारच होती: न्यूमोनिया, मृत्यू, पुन्हा भरती होणं, वजन.

मी विचारलं, "आणि जो पितो त्याला ते पिववतं का, हे कुठे आहे?"

सगळ्यांनी यादी पुन्हा चाळली. मग मोठे डॉक्टर म्हणाले, "ते मोजायला अवघड असतं."

"क्लच किती सोडायचा हेही मोजता येत नाही," मी म्हटलं. "तरी अर्ध्या गावाला शिकवलाय."

प्रमुखबाई हसल्या, पण काम माझ्याच गळ्यात घातलं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून लोकांना विचारायचं, आणि यादीवर एप्रिलमध्ये मतदान होईल तेव्हा ते मांडायचं. मी म्हटलं, बघाच आता.

१२ फेब्रुवारी

घरी येऊन ह्यांना बैठकीची सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता हे म्हणाले, "मला… पा…"

"पावडर जास्त झाली ना?" मी म्हटलं. "कळलं मला. उद्यापासून मोजूनमापून घालते."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. हल्ली लवकर दमतात.

एक मात्र चांगलं झालंय. ह्यांना झाडांची आवड लागली आहे. उभ्या आयुष्यात कुंडीकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि आता मी झाडांना पाणी घालत असते तेव्हा एकटक बघत बसतात.

२० फेब्रुवारी

आकडेवाल्या मुलाने आणि मी मिळून कार्डं केली. एका कार्डावर एकच गोष्ट, मोठ्या अक्षरात. न्यूमोनिया टळणं. तहान भागणं. चव लागणं. चारचौघांत पिता येणं. ठसका न लागणं. माणसांनी महत्त्वाप्रमाणे वरून खाली रांग लावायची. एक कार्ड कोरं ठेवलं, कोणाला आणखी काही सुचलं तर. त्याने विचारलं, "मावशी, तुम्हाला जमेल ना?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

सकाळभर बसले. लोक भडाभडा बोलले. बायका, मुलं, सुना, सगळ्यांच्या पोटात साठलेलं होतं. चाकाच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांबरोबर त्यांची वहिनी होती. फार कष्टाळू बाई. तिची रांग लावून होत आली तेव्हा गृहस्थांनी हात पुढे केला. "भाऊजींना टीव्ही बघायचाय," वहिनी म्हणाली आणि खुर्ची तिकडे वळवली. आम्हाला निवांत बोलता आलं.

जवळजवळ सगळ्यांनी न्यूमोनिया पहिला लावला. तहान खाली, बरीच खाली. माझी जराशी निराशाच झाली. पण लोकांनी सांगितलं ते सांगितलं, मी काही पदरचं घालणार नाही.

२७ फेब्रुवारी

हे अंघोळीला फार वेळ लावायला लागलेत. आत स्टूल आहे, भिंतीला दांडा आहे, पण मला आत येऊ देत नाहीत. मी दाराबाहेर उभी राहून हाका मारते, हे आतून हुंकार देतात. बाहेर आले की चेहरा टवटवीत असतो. कोमट पाण्याने सांधे मोकळे होत असावेत. गिळणबाईंना सांगायला हवं.

५ मार्च

आज समितीला रामराम ठोकून आले.

कागदावर उतरवून घेतलेल्या रांगा दाखवायला गेले होते. आकडेवाल्याने पेन्सिल कानावरून काढली, सगळं बघितलं आणि विचारलं, "मावशी, ही उत्तरं कोणाची?"

"घरच्यांची."

"आणि पेशंटची?"

"अरे, ते पटकन बोलू शकत नाहीत."

"पटकन कुणी मागितलंय?"

मला असं झालं, जसं कोणीतरी भर रस्त्यात माझ्याकडेच लायसन्स मागावं. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, ज्याने कधी कुणाला चमच्याने पाणी पाजलं नाही त्याने मला शिकवू नये. तो लाल झाला, पण रांगा परत दिल्या नाहीत. म्हणाला, "ह्याही लागणार आहेत. फक्त ह्याच नाहीत."

घरी आल्यावर प्रमुखबाईंचा फोन. मी राजीनाम्याचं बोलले. त्या म्हणाल्या, "राग आला असेल तर राजीनामा रविवारपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. पण चूक एकट्या तुमची नाही. आम्हीच रुग्णांचा आवाज म्हणून घरच्या माणसाला बोलावलं, आणि तेही जिना असलेल्या खोलीत."

मी फोन ठेवला.

६ मार्च

सकाळी भांडी घासताना ते गृहस्थ डोळ्यांपुढे आले. त्यांनी हात पुढे केला तेव्हा टीव्ही त्यांच्या मागे होता.

ते कार्डाकडे हात करत होते. मी समोर बसले होते आणि मला दिसलं नाही. शिकाऊ माणसाची बोटं गिअरवर जरा घट्ट झाली तरी मला कळायचं, आणि हे दिसलं नाही.

राजीनामा वगैरे काही नाही. सगळं पहिल्यापासून करणार. प्रत्येक पेशंटला विचारणार, एकेकाला अर्धी सकाळ लागली तरी.

दुपारी गिळणबाईंकडे गेले. विचारलं, कसं विचारू? त्या म्हणाल्या, "प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं."

"एवढंच?"

"तुम्हाला ते एवढंच वाटत असेल तर फारच छान," त्या म्हणाल्या. "त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्यायचं. मधेच शब्द द्यायचा नाही. तुमच्या गाडीत तुमच्या पायाशी एक ब्रेक होता, तो इथे नाही असं समजा."

१४ मार्च

गप्प बसणं हे काम आहे, आणि मला त्याचा मुळीच सराव नाही.

खुर्चीतले गृहस्थ आज पुन्हा आले होते. वहिनीला म्हटलं, तुम्ही चहा पिऊन या. ती तयार नव्हती. "त्यांचं मला विचारा ना, मीच करते सगळं." मला तिचा राग आला नाही, कारण हे वाक्य मी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. शेवटी ती तिथेच बसली, पण तोंडावर पदर धरून.

मी विचारलं आणि थांबले. गृहस्थ कार्डांकडे बघत राहिले. ओठ हलले. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, भिंतीच्या दिशेने, आणि माझा उजवा पाय आपोआप फरशीत रुतला. तिथेही बोलले नाही, इथेही नाही.

"थंड," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "ग्लासातून." आणि मग, "चमच्याने… नाही."

तहानेचं कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यात वर सरकवलं. वहिनी म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीत, भाऊजी." आणि रडायला लागली.

सगळे असे नाहीत हेही लिहायला हवं. एका आजोबांनी न्यूमोनियाच पहिला लावला. म्हणाले, एकदा जीव घुसमटला तो पुरे, मी खळ पिईन. एका गाण्याच्या बाईंनी चारचौघांत पिणं वर ठेवलं. त्या आता कोणाच्या घरी जातच नाहीत. माणसागणिक रांग वेगळी. हे मला आधी का सुचलं नव्हतं?

१६ मार्च

लेकीचा फोन. मी उत्साहाने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस?"

"त्यांचं मला ठाऊक आहे."

"आई."

"अगं, इतकी वर्षं संसार केलाय, मला नाही ठाऊक तर कोणाला?"

ती काही बोलली नाही. ही पोरगी गप्प बसायला कोणाकडून शिकली कोण जाणे. माझ्याकडून नक्कीच नाही.

१७ मार्च

विचारलं.

सकाळचा नाश्ता झाल्यावर टेबलावर कार्डं मांडली. म्हटलं, "अहो, सराव म्हणून लावा बघू." सराव म्हणून! माझा मलाच राग येतोय.

ह्यांनी कार्डं एकेक उचलून वाचली. मग डाव्या हाताने रांग लावली. न्यूमोनिया पहिला, ठसका दुसरा, तहान सगळ्यात खाली. मी लावली असती तीच रांग. मला बरं वाटलं. मी म्हणणार होते, "बघा, मला ठाऊकच होतं." गिळणबाई आठवल्या म्हणून जीभ आवरली.

हे म्हणाले, "ही… तुझी."

मी थांबले.

ह्यांनी सगळी कार्डं पुन्हा हातात घेतली. पुन्हा लावली. तहान पहिली. तिच्याखाली चव. न्यूमोनिया शेवटी.

"ही… माझी."

मला रडू आवरेना, पण बोलले नाही. हे बोलत होते, एकेक शब्द ओढून काढत. मी एकही दिला नाही. "दवाखान्यात… तू… खुर्चीत झोपायचीस. तुझा… चेहरा. म्हणून… पितो. खळ. तुझ्यासाठी… पितो."

मग ह्यांनीच विचारलं, "कुठली… लिहिणार?"

त्या दिवशी "पा…" म्हणाले तेव्हा ह्यांना पाणी हवं होतं. आणि झाडं! झाडांकडे कुठे बघत होते, झारीकडे बघत होते. मी विचारलं, "अंघोळीला एवढा वेळ…?" तर लहान मुलासारखे हसले. शॉवरखाली तोंड उघडून बसायचे. मी बाहेर उभी राहून हाका मारत होते आणि आत हा माणूस चोरून पाणी पीत होता.

मी 'रुग्णांचा आवाज'. अख्ख्या जगाला सांगत सुटले होते, पेशंटला विचारा म्हणून.

१९ मार्च

दोन दिवस धड बोलले नाही. हे बिचारे मलाच समजवायला बघतात.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला ह्यांना पाणी द्यायचं नाहीये. ह्यांना तहान लागते हे कळलं, तरी द्यायचं नाहीये. मला भीती वाटते. मला हे हवे आहेत, तहानलेले का होईना, पण हवे आहेत. हे कुठल्या कार्डावर लिहायचं?

तरी गिळणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी घशाची तपासणी पुन्हा करू. ठीक आली, डॉक्टरांनी परवानगी दिली, तर सुरुवात त्यांच्यासमोर. तोंड स्वच्छ घासून, ताठ बसवून, जेवणाबरोबर नाही, अगदी छोटे घोट. एकट्याने शॉवरखाली तर अजिबात नाही. "पण धोका पुरता जाणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तो किती, हेच तर तुमची समिती शोधतेय."

मी हे सगळं ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. काही झाकलं नाही, काही फुगवलं नाही.

"माहीत… आहे," हे म्हणाले. "घसा… माझा."

९ एप्रिल

मतदान झालं. तळमजल्यावरच्या खोलीत, कारण जिना असेल तर मी येणार नाही असं मी कळवलं होतं. हे आले. खुर्चीतले गृहस्थ आले, वहिनीही. गाण्याच्या बाई यायला तयार नव्हत्या. त्यांना म्हटलं, तिथे चारचौघे आहेत खरे, पण सगळे ठसकणारेच आहेत. मग आल्या.

मी दोन्ही याद्या मांडल्या, घरच्यांची आणि पेशंटची. मोठे डॉक्टर म्हणाले, "ह्यात एवढा फरक आहे, तर सरासरी काढू या."

"सरासरी काढलीत तर तहान मधेच कुठेतरी अडकेल," मी म्हटलं. "ते ना आमचं मत असेल, ना ह्या पेशंटचं. दोन रकाने ठेवा. आम्ही घाबरतो तेही खरं आहे, लिहा ते. पण पितात हे."

मोठे डॉक्टर ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "काका, तुम्हाला काय वाटतं?" हे तोंड उघडणार तोच मोठ्या डॉक्टरांनी पुढचं बोलायला सुरुवात केली.

"थांबा," मी म्हटलं. ओपीडीतल्या आवाजात. "त्यांचं व्हायचंय."

खोली थांबली. सगळी खोली, प्रमुखबाई, पेन्सिलवाला, सगळे. हे म्हणाले, "तहान… आधी… मोजा." एवढंच. पण एवढं म्हणेपर्यंत कोणी हललं नाही.

तहान पहिल्या पानावर आली. न्यूमोनियाच्या शेजारी.

मग आकडेवाला हळूच म्हणाला, "मावशी, एक सांगतो. मी अभ्यासांत काय काय मोजलंय एवढंच चाळलंय, निकाल नाही बघितले. तहान जवळपास कुणी मोजलेलीच नाही. त्या रकान्यात लिहायला आपल्याकडे काही नसणार."

क्षणभर माझा चेहरा पडला. एवढा खटाटोप कशासाठी केला, रिकाम्या चौकटीसाठी? प्रमुखबाई म्हणाल्या, "ती चौकट रिकामीच छापू. पहिल्या पानावर. 'कोणीही मोजलेलं नाही' असं लिहून. पुढचा अभ्यास करणाऱ्याला ती ओलांडून जाता येणार नाही."

ह्यांना ते फार आवडलं. रिक्षात बसल्यावरही हसत होते.

निघताना मी आकडेवाल्याला म्हटलं, "त्या दिवशी फार बोलले रे तुला." तो म्हणाला, "मावशी, मी लायसन्स काढणार आहे. तुम्ही शिकवाल?" मी म्हटलं, "गाडी विकली. आणि तू घाबरशील."

१५ एप्रिल

तपासणी बरी आली. अगदी छान नाही, बरी. डॉक्टरांनी छोट्या घोटांची परवानगी दिली. गिळणबाई सकाळी घरी आल्या. लेकही आली, आणि मला सक्त ताकीद देऊन दारात उभी राहिली.

ह्यांचं तोंड घासून झालं. ताठ बसवलं. काचेचा ग्लास, त्यात थोडंसं गार पाणी. पावडर नाही. मी नेहमीप्रमाणे ह्यांच्या शेजारी बसले, डाव्या बाजूला. ग्लास मी धरणार होते, पण ह्यांनी हात पुढे केला आणि मी दिला.

पहिला घोट. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ह्यांनी डोळे मिटले. दुसरा घोट. आणि ठसका लागला.

माझा हात ग्लासाकडे गेला नाही. कसा गेला नाही ते मला सांगता येणार नाही. गिळणबाईंनी मला बोट दाखवलं, थांबा. हे खोकत होते. चेहरा लाल झाला. दवाखान्यातली ती खुर्ची, तो वास, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी घसा साफ केला, गिळणबाईंनी सांगितलं तसं. एक मोठा श्वास घेतला. आवाज मोकळा आला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून…"

मी थांबले. पुढे काही आहे का, वाट पाहिली. होतं.

"…थोडं… दे."

मी ग्लासात आणखी थोडं ओतलं.

संध्याकाळपर्यंत ताप नाही, खोकला नाही. उद्याचं उद्या बघू. उजवी पोटरी मात्र सकाळपासून भयंकर दुखते आहे. फरशीवर एवढा जोर देऊन बसले होते, हे मला उठल्यावरच कळलं.